एकच उद्योग घ्या आणि तो पिंजून काढा: इनोव्हेशन स्ट्रॅटेजीचा अभ्यास कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकलची पदवी, चाकणला दुचाकीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, आणि शनिवार-रविवारच्या एमबीएला ‘तांत्रिक नवोन्मेषाचं व्यूहात्मक व्यवस्थापन’ हा विषय. एस-कर्व्ह (प्रयत्न वाढतील तशी तंत्राची कामगिरी आधी हळू, मग झपाट्याने वाढते आणि शेवटी थबकते, ती एस आकाराची रेषा), डॉमिनंट डिझाइन (सगळा उद्योग ज्यावर येऊन थांबतो ती रचना), फर्स्ट मूव्हर (बाजारात सर्वात आधी उतरणारा) या व्याख्या पाठ आहेत, पण केस, म्हणजे एखाद्या कंपनीची खरी हकिकत, समोर आली की उत्तर चार ओळींत संपतं. अभ्यास करायचा कसा?

अडचण व्याख्यांची नाही, शिकवण्याच्या पद्धतीची आहे. एस-कर्व्हला डिस्क ड्राइव्हचं उदाहरण, स्टँडर्डच्या म्हणजे सर्वमान्य मानकाच्या लढाईला व्हिडिओ कॅसेटचं, पेटंटला औषधांचं. दर धड्याला नवा उद्योग येतो आणि कुठलाच नीट कळत नाही. त्यामुळे एका संकल्पनेचं उत्तर दुसरीच्या विरोधात जातं तेव्हा काय करायचं, हे शिकायची वेळच येत नाही. खरा विषय तिथेच सुरू होतो. म्हणून एकच उद्योग घ्या आणि सगळी अस्त्रं त्याच्यावरच चालवा. तुम्ही चाकणला आहात, तेव्हा भारतीय दुचाकी घ्या. चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास उघड आहे आणि त्यातले निम्मे निर्णय तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, आकुर्डीत, बजाजच्या मुख्यालयात झालेत.

पहिलं काम कोष्टकाचं. पाच रकाने करा: साल, घटना, त्या दिवशी काय माहीत होतं, निर्णय कोणाचा, पैसा कुठे गेला. तिसऱ्या रकान्यावर सर्वात जास्त वेळ घालवा. केसची बहुतेक उत्तरं तिथेच पडतात, कारण ती शेवट माहीत असलेल्या माणसाने लिहिलेली असतात. ‘बजाज झोपलं, हिरो होंडा जागी होती’ हे वाक्य हमखास येतं आणि त्यातून काहीच कळत नाही.

हा रकाना भरून बघा. इटलीच्या पियाजिओबरोबरचा बजाजचा परवाना १९७१ मध्ये संपला, १९७२ मध्ये चेतक ही टू-स्ट्रोक (पिस्टनच्या दर दोन खेपांत इंधन जाळणारी) स्कूटर आली. परवाना राजमध्ये किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवत होतं आणि स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० ही मोटारसायकल आली: फोर-स्ट्रोक (दर चार खेपांत एकदा इंधन जाळणारं), शंभर सीसीच्या आतबाहेरचं इंजिन, आणि जाहिरातीचा सगळा भर मायलेजवर. आता १९८५ सालच्या आकुर्डीतल्या माणसाच्या जागी बसा. जेवढ्या स्कूटर बनतात तेवढ्या सगळ्या खपतात, वर प्रतीक्षायादी आहे. प्रतिस्पर्ध्याच्या तंत्रज्ञानाचा फटका विक्रीच्या आकड्यात दिसायला हवा, पण प्रतीक्षायादी असेपर्यंत तो दिसतच नाही. यादीतून नाव काढून मोटारसायकल घेणारा ग्राहक तुमच्या हिशेबात गळती म्हणून उमटत नाही.

पुढची नोंद आणखी महत्त्वाची. बजाजचा जपानच्या कावासाकीशी करार त्याच दशकात झाला होता. १९८६ मध्ये केबी १०० आली, ती टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोकची ४एस चॅम्पियन आली १९९१ मध्ये. म्हणजे तंत्रज्ञान मिळण्याचा मार्ग होता, तरी मधे पाच-सहा वर्षं गेली. ‘का?’ याची निदान चार संभाव्य कारणं लिहा. उत्पादनक्षमतेवरचं परवान्याचं बंधन, टू-स्ट्रोकमध्ये मुरलेले अभियंते आणि मशिन, गल्लोगल्ली टू-स्ट्रोक उघडून बसवणारे मिस्त्री, आणि मागणीचा तो खोटा दिलासा. प्रत्येक कारणापुढे लिहा की ते खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं होतं. मिस्त्रींचं कारण खरं असतं, तर हिरो होंडालाही सुरुवातीला सर्व्हिसचा त्रास व्हायला हवा होता आणि त्यावर तिने खर्च केलेला दिसायला हवा. असं तपासलं की चारातली एक-दोन कारणं आपोआप गळतात. माझं मत मागणीच्या बाजूने आहे. तुमचं वेगळं निघालं तरी चालेल, पण ते असं तपासून निघायला हवं.

आता एस-कर्व्ह. इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली म्हणजे आडव्या अक्षावर साल घेणं. तिथे एकूण लावलेले प्रयत्न यायला हवेत: साचलेला संशोधन खर्च, अभियंत्यांचे तास, तेही नसेल तर पेटंट अर्जांची बेरीज. फरक किती पडतो ते चेतकवर बघा. साल घेऊन आलेख काढला तर सत्तर-ऐंशीच्या दशकात कामगिरीची रेषा आडवी पडते आणि टू-स्ट्रोक स्कूटरचं तंत्रज्ञान संपत आलं असं वाटतं. पण स्पर्धा नसताना सुधारणेवर पैसा कोण लावेल? प्रयत्न थांबले म्हणूनही रेषा आडवी पडू शकते. तंत्राची मर्यादा आणि कंपनीची निवांतपणाची सवय या दोन गोष्टी सालाच्या अक्षावर एकसारख्या दिसतात, आणि त्यांवरचे निर्णय मात्र उलटे असतात.

दुसरी चूक उभ्या अक्षाची. किलोमीटर प्रति लिटर घेतलं तर फोर-स्ट्रोक जिंकतं. त्याच सीसीत मिळणारी ताकद आणि इंजिनातल्या भागांची संख्या घेतली तर टू-स्ट्रोक बरं दिसतं, कारण त्यात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्टच नसतात. धूर घेतला तर फोर-स्ट्रोक पुन्हा पुढे, कारण टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच एक्झॉस्टमधून निघून जातो आणि तेलही सोबत जळतं. म्हणून एक आलेख काढू नका, तीन काढा आणि खाली लिहा की कोणत्या वर्षी कोणता अक्ष ग्राहकाला किंवा कायद्याला महत्त्वाचा झाला. १९९१, १९९६ आणि २००० चे उत्सर्जन नियम त्या कागदावर उभ्या रेषांनी दाखवा. टू-स्ट्रोकचा उतार या रेषांशी ताडून बघितला की ‘डिसरप्शन’ (नव्या तंत्राने जुन्यांना उखडणं) हा शब्द किती जपून वापरावा ते कळेल.

तीच गोष्ट २०२० ची. गाड्यांच्या धुराच्या नियमांत बीएस-४ (भारत स्टेज ४) वरून थेट बीएस-६ वर जाण्याचं सरकारने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केलं आणि ते १ एप्रिल २०२० पासून लागू झालं. बहुतेक दुचाक्यांमध्ये कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. इंजेक्शन हे तंत्र तेव्हा जुनंच होतं, प्रयोगशाळेत त्या दिवशी काहीच घडलं नाही. बदलाची तारीख राजपत्राने ठरवली. कार्ब्युरेटर बनवणाऱ्यांना चार वर्षांहून अधिक अवधी होता. त्या काळात कोणी इंजेक्शन बनवणाऱ्याशी करार केला, कोणी सुट्या भागांच्या बाजारावर भिस्त ठेवली, हे ताळेबंदांत वाचता येतं. त्याआधी २०१७ मध्ये काय झालं तेही नोंदवा. बीएस-३ गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्चच्या अखेरीस दिला, तेव्हा उद्योगाकडे आठ लाखांवर न विकलेल्या गाड्या होत्या आणि त्यातल्या बहुसंख्य दुचाक्या. बीएस-३ गाड्या बनवणं बंद होणार हे आधीपासून ठाऊक होतं. बनलेल्या गाड्या त्यानंतरही विकू देतील यावर लावलेला डाव फसला. नियमाची जोखीम आणि नियमात सूट मिळेल या आशेची जोखीम वेगवेगळी मांडायची, हे या एका आठवड्यातून शिकता येतं.

डॉमिनंट डिझाइनच्या धड्यात बहुतेक जण लिहितात की नव्वदीत मोटारसायकलने स्कूटर संपवली. बजाजनेही २००९ मध्ये स्कूटर बनवणं थांबवलं, त्यामुळे वाक्य खरं वाटतं. पण होंडाच्या ॲक्टिव्हाने स्कूटर पुन्हा रस्त्यावर आणली. मग संपलं ते काय? टू-स्ट्रोक इंजिन आणि हाताने बदलायचे गिअर ही जोडणी संपली. स्कूटरचा आकार, पायाजवळची मोकळी जागा आणि डिकी यांची गरज होतीच. फोर-स्ट्रोक इंजिनाला आपोआप बदलणाऱ्या गिअरची जोड मिळाली, आणि घरातल्या, मोटारसायकल न चालवणाऱ्या माणसांसाठी तीच गाडी झाली. सुटा भाग नवा असणं आणि भागांची एकमेकांशी जोडणी नवी असणं, हा भेद हेंडरसन आणि क्लार्क या अभ्यासकांनी १९९० मध्ये मांडला. उदाहरणासाठी परदेशात जायची गरज नाही, कारखान्याच्या पार्किंगमध्ये ते उभं आहे. हा भेद न कळल्याने ‘वर्ग संपला’ असा निष्कर्ष काढून कंपन्या बाजार सोडतात. सोडण्याचा निर्णय चूकच असतो असं नाही, ती साधनं मोटारसायकलवर लावून बजाजने कमाई केलीच. पण सोडताना दिलेलं कारण तपासायला हवं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी ज्याला देईन तो प्रश्न असा: शोध एकाचा असताना पैसा दुसऱ्याला का मिळतो? अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड टीस यांनी १९८६ मध्ये याचं उत्तर दिलं, त्यातल्या दोन गोष्टी इथे महत्त्वाच्या. नक्कल करणं किती सोपं आहे, आणि शोध विकायला लागणारी पूरक साधनं म्हणजे कारखाना, वितरण, सर्व्हिस, नाव ही कोणाच्या हातात आहेत. ईएमआय या ब्रिटिश कंपनीचं उदाहरण जगभर शिकवतात. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचा सीटी स्कॅनर १९७१ मध्ये पहिल्या रुग्णावर चालला, १९७९ मध्ये नोबेल मिळालं, आणि त्याच सुमारास कंपनी या धंद्यातून बाहेर पडत होती. शोध उत्तम होता, पण रुग्णालयांना मशिन विकणं, चालवायला शिकवणं आणि बंद पडल्यावर धावून जाणं हे जनरल इलेक्ट्रिक आणि सीमेन्सला आधीपासून येत होतं.

हेच आता बजाजच्या डीटीएस-आयवर लावा. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लगचं हे तंत्र पल्सरमध्ये २००३ पासून आलं, पेटंटचा अर्ज २००२ चा. २००७ मध्ये टीव्हीएसने दोन प्लगच्या इंजिनाची फ्लेम जाहीर केली. फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मनाई दिली, मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली, सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीला मुभा दिली आणि हिशेब ठेवायला सांगितलं. दोन्ही कंपन्यांची तडजोड झाली ती २०१९ मध्ये. कोष्टकात या तारखांशेजारी दुचाकीच्या एका मॉडेलचं आयुष्य लिहा. पेटंटचं आयुष्य अर्जापासून २० वर्षं, खटल्याचं दहाच्या वर, आणि बाजारात एखाद्या मॉडेलच्या नवेपणाचा जोर बहुतेकदा त्याहून खूपच कमी टिकतो. म्हणजे इथे पेटंटची खरी किंमत अंतिम निकालात नव्हती, ती प्रतिस्पर्ध्याच्या उद्घाटनाची घडी विस्कटवणाऱ्या अंतरिम मनाईत होती. आणि पल्सर चालली ती फक्त दुसऱ्या प्लगमुळे, की डीलरांचं जाळं, किंमत आणि गाडीचं रूप यांमुळे? ‘मजबूत पेटंट म्हणजे मजबूत धंदा’ लिहिण्याआधी याचं उत्तर द्या.

स्टँडर्डसाठी इलेक्ट्रिक स्कूटर पुरेशी आहे. इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथरने आपला चार्जिंग कनेक्टर इतरांसाठी खुला केला आणि २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्यावर आधारलेलं मानक मान्य केलं. खुला करण्यात काय गेलं आणि काय मिळालं, एवढं एका पानात मांडा. सोबत अनुदानाच्या तारखा ठेवा: फेम-२ या केंद्राच्या अनुदान योजनेत बॅटरीच्या दर किलोवॉट-तासाला १०,००० रुपये, जून २०२१ पासून १५,००० रुपये आणि किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत, जून २०२३ पासून परत १०,००० आणि १५ टक्क्यांपर्यंत. या तारखांच्या अलीकडच्या-पलीकडच्या महिन्यांची नोंदणी सरकारच्या ‘वाहन’ डॅशबोर्डवर मिळते. विक्रीतली वाढ तंत्रज्ञानाची किती आणि अनुदानाची किती, हे ढोबळ का होईना, वेगळं करता येतं.

आकडेमोडीला विद्यार्थी घाबरतात, खरं तर ती सोपी आहे आणि गुण तिथेच आहेत. समजा एका प्रकल्पाला तीन टप्पे आहेत. प्राथमिक चाचणीला २० लाख, यशाची शक्यता ४० टक्के. नमुना आणि टिकाऊपणाच्या चाचण्यांना दीड कोटी, शक्यता ५० टक्के. टूलिंग (उत्पादनाचे साचे आणि हत्यारं) आणि बाजारात आणायला ८ कोटी, शक्यता ६० टक्के. आणि चाललं तर आजच्या किमतीत २४ कोटी. शेवटाकडून मागे या. शेवटच्या टप्प्यात ०.६ गुणिले २४ म्हणजे १४.४, वजा ८, राहिले ६.४ कोटी. त्याआधी ०.५ गुणिले ६.४ म्हणजे ३.२, वजा १.५, राहिले १.७. त्याआधी ०.४ गुणिले १.७ म्हणजे ०.६८, वजा ०.२, राहिले ०.४८ कोटी. म्हणजे ४८ लाखांनी प्रकल्प फायद्यात, सुरू करा.

आता हाच प्रकल्प, पण मधे कुठे थांबायचंच नाही असं ठरवून. एकूण खर्च ९.७ कोटी, तिन्ही टप्पे पार पडण्याची शक्यता ०.४ गुणिले ०.५ गुणिले ०.६ म्हणजे १२ टक्के, अपेक्षित मिळकत २.८८ कोटी. तोटा ६.८२ कोटी. तंत्रज्ञान तेच, बाजार तोच. फरक फक्त नापास प्रकल्प खरोखर थांबवण्याचा. म्हणून कंपनीच्या स्टेज-गेट (दर टप्प्याअखेर पुढे जायचं की थांबायचं हे ठरवण्याच्या) पद्धतीबद्दल वाचताना आकृतीतल्या खोक्यांकडे बघू नका. गेल्या काही वर्षांत गेटवर किती प्रकल्प बंद झाले ते विचारा. उत्तर ‘एकही नाही’ असेल, तर तिथे स्टेज-गेट नाही, फक्त सह्यांचा कागद आहे. नापास प्रकल्प चालू राहण्याची कारणंही ठरलेली असतात: गेटवर बसणारा माणूस आणि प्रकल्प सुचवणारा माणूस एकच असणं, टूलिंगची ऑर्डर चाचणीच्या आधीच दिलेली असणं, आणि ‘इतका खर्च झालाय’ हा युक्तिवाद. आधी झालेला खर्च वरच्या गणितात पुढच्या टप्प्यावर कुठेच येत नाही, हे एकदा हाताने करून बघा. आणि शक्यतेचे टक्के दहा-दहाने खाली आणून परत करा. वरच्या उदाहरणात शेवटची शक्यता ६० ची ५० केली, तर शेवटी राहतात ४ कोटी, त्याआधी ५० लाख, आणि सुरुवातीला बरोबर शून्य. प्रकल्पाचा सगळा फायदा त्या दहा टक्क्यांत होता, हे अहवालात लिहिणारा विद्यार्थी क्वचित भेटतो.

माहिती कुठून आणायची? वार्षिक अहवालात संचालकांच्या अहवालाला ‘तंत्रज्ञान आत्मसात करणं’ याबद्दलचा भाग जोडलेला असतो. संशोधनावरचा खर्च आणि गेल्या तीन वर्षांत आयात केलेलं तंत्रज्ञान तिथे द्यावंच लागतं. हा खर्च विक्रीशी ताडताना दोन ठिकाणी घसरायला होतं. इंड-एएस ३८ या हिशेबाच्या मानकाप्रमाणे संशोधनाचा खर्च नफ्या-तोट्यात जातो, पण विकासाचा खर्च अटी पूर्ण झाल्या की मालमत्तेत जातो. फक्त नफ्या-तोट्याचं पत्रक पाहिलं तर आकडा लहान दिसतो. दुसरं म्हणजे, मान्यताप्राप्त संशोधन केंद्रांना प्राप्तिकरात मार्च २०१७ पर्यंत २०० टक्के वजावट होती, मग तीन वर्षं १५० टक्के, आणि २०२०-२१ पासून १०० टक्के. एखादा खर्च ‘संशोधन’ म्हणून दाखवण्याची ओढ या दरांप्रमाणे बदलते. म्हणून २०१६ आणि २०२२ चे आकडे शेजारी ठेवून ‘कंपनीने इनोव्हेशन कमी केलं’ असं लिहू नका.

पेटंटसाठी भारतीय पेटंट कार्यालयाचा मोफत शोध पुरेसा आहे. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, त्यामुळे शेवटच्या दीड वर्षाचा आलेख खाली पडलेला दिसणारच. ती घट समजू नका. अर्जदाराचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने घालून बघा, नाहीतर निम्मे अर्ज सुटतात. नुसती मोजणी करण्यापेक्षा नूतनीकरण बघा. तिसऱ्या वर्षापासून दर वर्षाचं शुल्क भरावं लागतं आणि ते पुढे वाढत जातं. कंपनीने कोणतं पेटंट मधेच सोडून दिलं, यातून तिचं स्वतःचं मत कळतं, आणि ते पत्रकार परिषदेतल्या मतापेक्षा जास्त भरवशाचं असतं.

सत्राच्या अहवालासाठी मोठी कंपनी घेऊ नका, स्वतःचाच कारखाना घ्या. त्याच्या मालाची यादी करून विक्री तीन रकान्यांत वाटा. इलेक्ट्रिक दुचाकीत जे नाहीसं होणार: पिस्टन, रिंग, क्लच, सायलेन्सर, स्पार्क प्लग. जे राहणार: ब्रेक, सस्पेन्शन, फ्रेम, आरसे, सीट. आणि ज्याचं रूप बदलणार: वायरिंग हार्नेस, मीटर, कास्टिंगचे हाउसिंग. पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक मालापुढे दोन गोष्टी लिहा: त्याच्या मशिनवर दुसरं काय निघू शकतं, आणि ते विकायला तुमच्याकडे ग्राहक आहे का. प्रेशर डाय-कास्टिंगच्या मशिनवर मोटारचं हाउसिंग निघतं, डाय बदलावी लागते. पिस्टन रिंगच्या लाइनवर असं सहज काही निघत नाही. दुसऱ्या रकान्यातही गाफील राहू नका: माल राहतो, पण नव्या स्कूटर कंपन्या खरेदी त्याच पुरवठादारांकडून करतील असं नाही, आणि जुन्या ग्राहकाचं व्हेंडर रेटिंग (पुरवठादार म्हणून दिलेली श्रेणी) तिथे चालत नाही.

अहवालात कारखान्याचे आकडे घालण्याआधी साहेबांची लेखी परवानगी घ्या. नाही मिळाली तर एकूण विक्री १०० धरून सगळं त्या प्रमाणात मांडा. परीक्षकाला तेवढं चालतं.